मठांची वस्त्रं, बेसच्या भिंती
इंग्लंडमधल्या डर्बीशरचा हार्डविक हॉल १५९०च्या दशकात बांधला गेला. तिथले भरतकामाचे भित्तिपट मात्र वाड्याहून जुने आहेत आणि त्यांचं कापड तर त्याहूनही जुनं.

आठव्या हेन्रीने १५३६पासून चार-पाच वर्षांत देशातले मठ मोडीत काढले. जमिनी विकल्या गेल्या, तशी धर्मगुरूंची जरीची, मखमलीची वस्त्रंही हळूहळू बाजारात आली. वाड्याची मालकीण बेस ऑफ हार्डविक हिच्या तिसऱ्या नवऱ्याने, सर विल्यम सेंट लोने, असे काही झगे विकत घेतले. १५७०च्या दशकात चॅट्सवर्थला, बेसच्या डर्बीशरमधल्याच आधीच्या वाड्यात, तेच झगे कापून, तुकडे कापडावर टाचून पाच थोर स्त्रियांचे मोठे पट तयार झाले. त्यातली पेनेलोपी, ग्रीक कथेतली ओडिसियसची एकनिष्ठ बायको, उभी आहे कमानीखाली. तिच्या एका बाजूला चिकाटी, दुसऱ्या बाजूला सहनशीलता, दोघीही स्त्रीरूपात. म्हणजे पूजाविधीचं कापड आता गृहिणीच्या सद्गुणांच्या कामी आलं.

पुढे चौथ्या नवऱ्याशी, श्रूजबरीच्या अर्लशी, बेसचं बिनसलं आणि हे पट कोणाचे यावरही वाद झाला. बेसचं म्हणणं असं, की कापड सेंट लोचं आणि काम तिच्या घरच्या नोकरांचं, बायकांचं नि काही पोरांचं. पगारी भरतकाम करणारा एका वेळी एकच ठेवला होता. भांडणातली बाजू असल्याने ती थोडी सावधपणेच वाचावी, पण असं काम कोणाच्या हातून होई याची इतकी स्पष्ट माहिती क्वचितच मिळते.

बेस आणि श्रूजबरीच्या देखरेखीखाली स्कॉटलंडची राणी मेरी १५६९पासून नजरकैदेत होती. तिने आणि बेसने भरलेले प्राणी-पक्ष्यांचे छोटे तुकडे आज नॉरफोकच्या ऑक्सबर्ग हॉलमध्ये आहेत.

बेस हिशोबाला पक्की. १५९२मध्ये तिने एलिझाबेथ राणीचा दरबारी सर क्रिस्टोफर हॅटन याच्या वारसाकडून बायबलमधल्या गिडियनच्या कथेचे विणलेले पट घेतले. हॅटनच्या कुलचिन्हांवर स्वतःची चिन्हं लावली, त्याच्या हरिणींना शिंगं जोडून कॅव्हेंडिश घराण्याचे, म्हणजे तिच्या दुसऱ्या नवऱ्याच्या घराण्याचे, नर हरिण केले, आणि या खटाटोपापोटी किमतीत सूटही मिळवली!

१६०१मध्ये तिने घरातल्या सामानाची यादी करवली आणि वस्तू वाड्यातच राहाव्यात अशी मृत्युपत्रात सोय केली. म्हणून पाचांपैकी चार स्त्रिया अजून हार्डविकमध्ये आहेत. क्लिओपात्राचा पट तेवढा राहिला नाही.