प्रभावी विचारसंप्रेषण

एखादा विचार श्रोत्याच्या किंवा वाचकाच्या ध्यानात राहील आणि त्याला पटेल अशा रीतीने मांडण्याच्या कलेस व तिच्या शास्त्रीय अभ्यासास प्रभावी विचारसंप्रेषण असे म्हणतात. अध्यापन, न्यायालयीन युक्तिवाद, लोकशिक्षण, राजकारण, जाहिरात अशा अनेक क्षेत्रांत त्याची गरज पडते. ध्यानात राहणे आणि पटणे या मात्र दोन निराळ्या क्रिया होत. खोटी ठरलेली अफवा वर्षानुवर्षे आठवते, तर ऐकताना पुरता पटलेला युक्तिवाद थोड्याच दिवसांत विसरला जातो. या दोहोंची साधने बऱ्याच अंशी वेगळी आहेत आणि मांडणी फसते ती पुष्कळदा हा भेद न ओळखल्यामुळे.

ॲरिस्टॉटलने इ. स. पू. चौथ्या शतकात मन वळवण्याची तीन साधने सांगितली : वक्त्याच्या चारित्र्याविषयी वाटणारा विश्वास, श्रोत्यांच्या भावना आणि खुद्द युक्तिवाद. रोमन वक्ता सिसरो याने स्मरण हे वक्तृत्वाच्या पाच अंगांपैकी एक मानले; परंतु तेथे अभिप्रेत असलेले स्मरण वक्त्याचे होते, श्रोत्याचे नव्हे. भारतीय परंपरेत श्रोत्याचा विचार निराळ्या अंगाने झाला. न्यायदर्शन या तर्कप्रधान दर्शनातील पंचावयवी वाक्यात, म्हणजे पाच अवयवांच्या युक्तिवादात, प्रतिज्ञा (सिद्ध करावयाचे विधान) व हेतू (त्याचे कारण) यांच्यानंतर उदाहरण हा अवयव आवश्यक मानला आहे. उभयपक्षी मान्य असा दृष्टांत दिल्यावाचून अनुमान दुसऱ्याच्या गळी उतरत नाही, ही जाण त्यामागे दिसते. काव्य हे स्वामीप्रमाणे आज्ञा न करता प्रियेप्रमाणे गोडीने उपदेश करते, असे काव्यशास्त्रकार मम्मटाने अकराव्या शतकात म्हटले. अशोकाच्या चौदाव्या शिलालेखात तर काही गोष्टी त्यांच्या माधुर्यामुळे पुनःपुन्हा सांगितल्या आहेत, जेणेकरून लोकांनी तसे वागावे, असा खुलासाच केलेला आहे.

स्मरणाचा प्रायोगिक अभ्यास जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस याच्या १८८५ मधील संशोधनापासून सुरू झाला, असे मानले जाते. त्याने निरर्थक अक्षरसमूह पाठ करून विस्मरणाचा वेग मोजला आणि शिकल्यानंतरच्या पहिल्या काही तासांतच स्मृतीची सर्वाधिक झीज होते, असे त्याला आढळले. अर्थ आणि क्रम मिळाला की हे चित्र पालटते. गॉर्डन बाउअर व मायकेल क्लार्क यांनी १९६९ मध्ये काही विद्यार्थ्यांना दहा-दहा शब्दांच्या बारा याद्या प्रत्येक यादीची गोष्ट रचून पाठ करण्यास सांगितले, तर इतरांना नेहमीच्या पद्धतीने. सर्व याद्या संपल्यावर गोष्ट रचणाऱ्यांना सुमारे ९३ टक्के शब्द आठवले, इतरांना सुमारे १३ टक्के. गोष्टीत एका घटनेतून दुसरी निघते, त्यामुळे एक दुवा हाती आला की पुढचा आपोआप येतो. मूर्त शब्द अमूर्त शब्दांपेक्षा अधिक टिकतात, याचे कारण ॲलन पायव्हिओ याने असे दिले की, ते शब्द आणि प्रतिमा अशा दोन्ही रूपांत साठवले जातात.

मांडणीतील सर्वांत चिवट अडसर जाणकारपणाच्या पोटी येतो. एखादी गोष्ट एकदा कळली की ती न कळलेल्याच्या जागी स्वतःला कल्पिणे जवळजवळ अशक्य होते. एलिझाबेथ न्यूटन हिने १९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात काही जणांना परिचित गाण्यांचा ताल टेबलावर वाजवण्यास सांगितले. ऐकणाऱ्यांना निम्मी गाणी ओळखता येतील, असा वाजवणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात १२० पैकी केवळ ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या मनात पूर्ण चाल घुमत असते, ऐकणाऱ्याच्या कानी मात्र सुटे ठोके पडतात. विषय अवघड असल्याची तक्रार जेथे होते तेथे पुष्कळदा हेच घडलेले असते.

पटण्याची क्रिया अधिक गुंतागुंतीची आहे. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड पेटी व जॉन कॅशिओपो यांच्या मते, श्रोत्याला विषयाची आस्था व विचार करण्यास सवड असेल तर तो युक्तिवादाचे वजन पाहतो; एरवी वक्त्याचे नाव, त्याचा आत्मविश्वास अशा बाह्य खुणांवर विसंबतो. पहिल्या मार्गाने बनलेले मत दीर्घकाळ टिकते. तरीही पुरावा भक्कम असणे पुरेसे नसते, हे इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टराच्या उदाहरणावरून दिसते. १८४७ मध्ये व्हिएन्नातील प्रसूतिकक्षात त्याने डॉक्टरांना क्लोरीनयुक्त द्रावणाने हात धुण्यास लावले आणि मातांचे मृत्युप्रमाण काही आठवड्यांत सुमारे १८ टक्क्यांवरून २ टक्क्यांच्या आसपास आले. परंतु त्याने आपला ग्रंथ १८६१ पर्यंत प्रसिद्ध केला नाही, रोगजंतूंचा सिद्धांत अजून रूढ नसल्यामुळे त्याच्या म्हणण्याला आधारभूत स्पष्टीकरण नव्हते आणि विरोधकांना त्याने उघड पत्रांतून खुनी ठरवले; त्याचे म्हणणे त्याच्या हयातीत बहुतेक डॉक्टरांना पटले नाही. याउलट फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिने क्रिमियन युद्धातील सैनिकांच्या मृत्यूंची आकडेवारी १८५८ मध्ये रंगीत वर्तुळाकृती आलेखांतून मांडली. जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी कितीतरी अधिक सैनिक मेले, हे त्यामुळे आकडेमोड न जाणणाऱ्यालाही एका दृष्टिक्षेपात दिसले. आपला वाचक कोण आणि त्याच्यापुढे काय ठेवले असता तो नाकारू शकणार नाही, याचा तिने केलेला विचार आजही अभ्यासण्याजोगा आहे.

हीच साधने असत्यालाही तितकीच उपयोगी पडतात. लिन हॅशर व सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये दाखवले की, पुनःपुन्हा कानी पडलेले विधान, खरे असो वा खोटे, अधिक खरे वाटू लागते. त्यामुळे खोट्या समजुतीचे खंडन करताना तिचाच वारंवार उच्चार करणे धोक्याचे ठरते. तसेच नुसता नकार दिल्यास मनातील कार्यकारणसाखळीत पोकळी राहते आणि जुनी समजूत पुन्हा तेथे येऊन बसते. म्हणून खरे कारण आधी सांगावे, चुकीचा दावा एकदाच व तो खोटा असल्याचे बजावून नमूद करावा आणि मग पुन्हा खऱ्या कारणाकडे वळावे, अशी पद्धत अनेक अभ्यासक सुचवतात.