मांडीवरून सीटवर: गाडीतल्या लहान मुलांच्या सुरक्षेची गोष्ट

गाडीत लहान मुलांसाठी पहिल्यांदा जी सीट आली, ती त्यांचा जीव वाचवण्यासाठी नव्हतीच. 1930च्या दशकात अमेरिकेत अशा सीट मिळत. मूल एका जागी बसावं आणि आईवडिलांना दिसावं, एवढंच त्यांचं काम. अपघाताचा विचार व्हायला आणखी तीस वर्षं गेली.

स्वीडनमधले बर्टिल आल्डमन पेशाने डॉक्टर. अमेरिकेच्या जेमिनी यानातले अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी पाठ टेकून पडलेले असतात आणि सगळा दाब पाठभर वाटला जातो, हे त्यांच्या लक्षात आलं. 1964मध्ये त्यांनी पाठमोरी, म्हणजे मुलाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला ठेवणारी सीट तयार केली. तान्ह्या बाळाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं आणि मान कोवळी. पुढे तोंड करून बसवलं तर धडकेत पट्टे छातीला धरून ठेवतात, पण डोकं पुढे फेकलं जातं आणि सगळा ताण मानेवर येतो. पाठमोऱ्या सीटमध्ये डोकं, मान, पाठ एकत्रच टेकलेली राहतात. या क्षेत्रातला सगळ्यात मोलाचा शोध माझ्या मते हाच.

मुलांना अशा सीटमध्ये बसवणं सक्तीचं करणाऱ्या कायद्याची सुरुवात अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात झाली. बालरोगतज्ज्ञ रॉबर्ट सँडर्स यांच्या पाठपुराव्यामुळे 1978मध्ये पहिला कायदा लागू झाला, पण त्यात एक पळवाट राहिली: बाळ मोठ्या माणसाच्या मांडीवर असेल तर चालेल. ती बंद व्हायला 1981 उजाडलं. आपल्याकडे आजही बाळाची हक्काची जागा मांडीच, म्हणून याचं गणित मांडतो. गाडी ताशी 50 किलोमीटर वेगात आहे आणि धडकेत सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर 10 किलोच्या बाळाला धरून ठेवायला हातांना जवळजवळ 140 किलोंचा जोर लावावा लागतो. आईची माया कितीही असली, तरी एवढी ताकद कुणाच्याच हातात नसते.

मग खरा प्रश्न कुठे उभा राहिला? दोन वर्षांपुढच्या मुलांबाबत. अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन लेव्हिट यांनी 1975 ते 2003 या काळातल्या जीवघेण्या अपघातांची आकडेवारी तपासली आणि म्हटलं, की मृत्यू टाळण्यात या मुलांना मोठ्यांचा साधा सीट बेल्टही चाइल्ड सीटइतकाच उपयोगी पडतो. यावर मोठा वाद झाला. 2006च्या एका अभ्यासात दोन ते सहा वर्षांच्या मुलांमध्ये बेल्टच्या तुलनेत सीटमुळे मृत्यूचा धोका 28 टक्क्यांनी कमी दिसला, आणि चुकीच्या पद्धतीने वापरलेल्या सीट धरल्या तर 21 टक्क्यांनी. मला लेव्हिट यांचा प्रश्न रास्त वाटतो, पण मोजमाप अपुरं. बूस्टर, म्हणजे मुलाखाली ठेवायची उंच बैठक, नसेल तर मोठ्यांचा बेल्ट मुलाच्या गळ्यावर आणि पोटावर येतो. जीव वाचला तरी आतड्यांना, मणक्याला इजा होऊ शकते. बूस्टर मुलाला उंच करतो, मग तोच बेल्ट खांद्यावर आणि कमरेच्या हाडावर बसतो.

काही उपायांनी नवे धोकेही आणले. 1990च्या दशकात पुढच्या सीटसमोरच्या एअरबॅगने अमेरिकेत मुलं दगावली, म्हणून त्यांना मागे बसवायचा आग्रह सुरू झाला. मागे, त्यातही पाठमोऱ्या सीटमध्ये झोपलेलं बाळ चालकाच्या नजरेआड जातं. बंद गाडीत उष्माघाताने तिथे 1998पासून वर्षाला सरासरी 37च्या आसपास मुलं गेली आहेत, निम्म्याहून अधिक वेळा घरचंच कुणी विसरल्यामुळे. म्हणून मुलांना पुन्हा पुढे आणायचं असं मुळीच नाही. गाडी लॉक करण्याआधी मागचं दार उघडून पाहायची सवय लावून घ्यायला हवी.

भारतात 2019च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 194ब आलं. चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट नसेल तर 1000 रुपये दंड. मागच्या सीटचा बेल्ट चर्चेत आला तो सप्टेंबर 2022मध्ये, पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेल्यानंतर. ऑक्टोबर 2023पासून भारत एनकॅप हा धडक-चाचणीचा कार्यक्रम गाड्यांना मुलांच्या सुरक्षेसाठी वेगळे तारे देतो.

पण हे सगळं चारचाकीपुरतं. आपल्या असंख्य घरांत गाडी म्हणजे दुचाकी, आणि मूल बसतं पुढे टाकीवर नाहीतर दोघांच्या मध्ये. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी हार्नेस (मुलाला चालकाशी बांधून ठेवणारे पट्टे), हेल्मेट आणि ताशी 40 किलोमीटरची मर्यादा, असा नियम फेब्रुवारी 2022मध्ये निघाला आणि वर्षभराने लागू झाला. शाळा सुटायच्या वेळी फाटकाबाहेर उभं राहिलं, तरी असा हार्नेस घातलेलं मूल मला अजून दिसलेलं नाही.