औषध पोटात घेऊन फिरणारी तांबडी पेशी

रक्तात सोडलेलं औषध बहुधा फार काळ टिकत नाही. मूत्रपिंडं ते गाळून टाकतात, यकृत त्याचं विघटन करतं आणि ते परकं प्रथिन असेल तर रोगप्रतिकारशक्ती त्याच्यावर तुटून पडते. तांबडी रक्तपेशी मात्र सुमारे 120 दिवस अंगभर बिनधोक हिंडत असते. त्यामुळे तिच्याच पोटात औषध भरायची कल्पना पुढे आली.

त्यासाठी रुग्णाचं थोडं रक्त काढून त्यातल्या पेशी कमी क्षाराच्या द्रावणात ठेवतात. पाणी आत शिरतं, दोन्ही बाजूंनी खोलगट असलेली पेशी टम्म फुगते आणि तिच्या ताणलेल्या पटलाला, म्हणजे बाहेरच्या पातळ आवरणाला, बारीक छिद्रं पडतात. तेवढ्या वेळात औषध आत जातं. पाणी जरा जास्त शिरलं तर पेशी फुटते, म्हणून प्रमाण काटेकोर सांभाळावं लागतं. क्षार पूर्ववत केले की छिद्रं बुजतात आणि औषध आत अडकतं. अशा पेशींत एन्झाइम (रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन) भरल्याचा शोधनिबंध 1973 साली प्रसिद्ध झाला.

इटलीतल्या उर्बिनो विद्यापीठातल्या मौरो मान्यानी यांच्या गटाने डेक्सामेथासोन निवडलं. कोविडच्या काळात आपल्याकडे घरोघरी माहीत झालेलं हेच ते स्टेरॉइड. त्याला फॉस्फेट जोडलेलं असेल तर ते पटलातून बाहेर पडू शकत नाही. पेशीतली एन्झाइमं हळूहळू फॉस्फेट तोडतात आणि सुटं झालेलं औषध थोडं थोडं रक्तात झिरपतं. अटॅक्सिया टेलँजिएक्टेशिया या दुर्मीळ आनुवंशिक आजारात मुलांचा तोल जात जातो. त्यांना अशा पेशी महिन्यातून एकदा देऊन पाहिल्या. मोठ्या चाचणीत मुख्य उद्दिष्ट साधलं नाही, पण 6 ते 9 वर्षांच्या मुलांत फायद्याची चिन्हं दिसली, म्हणून त्याच वयोगटावर पुढची चाचणी आखली गेली.

मला सगळ्यांत विलक्षण वाटतो तो ॲस्परजिनेजचा प्रयोग. ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाच्या, पेशी रक्तातल्या ॲस्परजिन या अमिनो आम्लावर जगतात आणि हे एन्झाइम तेच तोडून टाकतं. पण ते बहुधा जिवाणूंपासून मिळवलेलं असल्याने काही रुग्णांना त्याची तीव्र ॲलर्जी होते. तांबड्या पेशीत भरलं की ते प्रतिकारशक्तीच्या नजरेआड राहतं, आणि ॲस्परजिन मात्र पटलातून आपणहून आत येऊन तुटतं. म्हणजे औषध बाहेर न पडताच काम होतं! स्वादुपिंडाच्या कर्करोगावर याच पेशी वापरल्या, तेव्हा रुग्णांचं आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. तो निकाल 2021 मध्ये आला.