दर्जा जाणं वेगळं, देशाबाहेर काढणं वेगळं

‘गुन्हेगार निर्वासिताचा दर्जा रद्द, मायदेशी रवानगी’ असा मथळा जर्मनीच्या बातमीवर दिसला की माझं डोकं फिरतं. एका स्वल्पविरामाच्या अलीकडे-पलीकडे दोन वेगळे निर्णय असतात, आणि दुसरा अनेकदा झालेलाच नसतो.

व्हिसाचं गणित आपल्याला पाठ आहे. ब्लू कार्ड (उच्चशिक्षितांचा नोकरी-निवास परवाना) गेलं, दुसरा आधार नाही, बॅगा भरा. तेच गणित निर्वासिताला लावलं की घोटाळा होतो.

दर्जा ‘बाम्फ’ हे स्थलांतर आणि निर्वासितांचं केंद्रीय कार्यालय काढतं, देश सोडायला लावण्याचं काम स्थानिक परदेशी नागरिक कार्यालयाकडे असतं. हा फरक किरकोळ. खरी मेख प्रश्नात आहे. दर्जा काढताना विचारतात, या माणसानं काय केलं? साधारण 3 वर्षांची शिक्षा हा जर्मनीतला उंबरठा, काही गुन्ह्यांत त्याहून कमी. शिवाय तो आजही समाजाला धोकादायक आहे हे दाखवावं लागतं. नुसती शिक्षा पुरत नाही. परत पाठवताना मात्र विचारतात, तिथे त्याचं काय होईल? छळाचा खरा धोका असेल तर युरोपीय मानवाधिकार कराराचं कलम 3 आडवं येतं, आणि त्याला अपवाद नाही. खून केलेला असो की बॉम्ब ठेवलेला.

हे ‘चहल’ खटल्यात स्वच्छ दिसतं. शीख फुटीरतावादी चळवळीतल्या चहल यांना ब्रिटन राष्ट्रीय सुरक्षेचं कारण देऊन भारतात पाठवू पाहत होता. 1996 मध्ये स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयानं ते अडवलं. गंमत म्हणजे त्यांना निर्वासिताचा दर्जा नव्हताच, अर्ज फेटाळला गेला होता. म्हणजे कलम 3 ची ढाल दर्जाला बांधलेली नाही! मग दर्जा काढल्यानं ती गळून कशी पडेल?

युरोपीय संघाच्या न्यायालयानं 2019 मध्ये आणखी पुढचं सांगितलं : दर्जा काढला तरी छळाची भीती खरी असेल तर माणूस 1951 च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित कराराच्या अर्थानं निर्वासितच राहतो. न्यायालयात जाण्याचा, शिक्षणाचा हक्क शाबूत. 2023 मध्ये ऑस्ट्रियाच्या प्रकरणात तर हेही ठरलं की परत पाठवता येत नसलं तरी दर्जा काढता येतो. पण पाठवणी अनिश्चित काळ अशक्य असेल तर देश सोडण्याचा आदेश काढता येत नाही.

असा माणूस जर्मनीत बहुधा ‘डुल्डुंग’वर राहतो : लाल तिरकी पट्टी असलेला कागद, पाठवणी तात्पुरती थांबवल्याचा. तो राहण्याचा परवाना नव्हे. त्याला ‘सरकारनं सोडून दिलं’ म्हणणाऱ्यांनी तो कागद घेऊन घर भाड्यानं मागून बघावं.

30 ऑगस्ट 2024 ला लाइपझिगहून 28 अफगाण गुन्हेगारांना काबूलला नेलं, ते उदाहरण लगेच तोंडावर फेकलं जातं. त्या सगळ्यांवर पाठवणीचे आदेश, म्हणजे तो दुसरा निर्णय, आधीच होते. तरीही तालिबानशी राजनैतिक संबंध नसल्यामुळे कतारला मध्ये घालावं लागलं.