ब्लायबर्ग : चांदी नसलेल्या शिशाची खाण

शिशाची खाण सापडली की जुन्या काळचा मालक आधी चांदीची चौकशी करायचा. गॅलेना हे शिशाचं मुख्य खनिज. काळसर-करडं, चकचकीत आणि हातात घेतलं की दचकायला लावेल इतकं जड. बहुतेक ठिकाणी त्यात थोडीफार चांदी असते. युरोपातल्या कितीतरी खाणी नावाला शिशाच्या होत्या, पण त्यांचं घर चालायचं चांदीवर.

ऑस्ट्रियाच्या दक्षिण टोकाला, कॅरिंथिया प्रांतात, फिलाख शहराजवळ ब्लायबर्ग नावाचं खाणगाव आहे. आल्प्समधल्या २,१६६ मीटर उंचीच्या डोब्राच डोंगराच्या उत्तर पायथ्याशी ते लांबट पसरलं आहे. इथल्या खाणकामाचा लेखी उल्लेख १३३३ सालचा. गॅलेना भरपूर, पण त्यात चांदी जवळजवळ नाहीच. मालकाने कपाळावर हात मारून घ्यावा अशी स्थिती! तरीही ही खाण १९९३ पर्यंत चालली.

तिला पहिला मोठा हात दिला तो आउग्सबुर्गच्या फुगर घराण्याने. राजांनाही कर्ज देणारे हे सावकार. आजच्या स्लोवाकियातल्या तांब्याच्या खाणी त्यांच्या ताब्यात आल्या होत्या आणि त्या तांब्यात चांदी होती. ती वेगळी काढायची युक्ती अशी. तांब्यात शिसं घालून दोन्ही एकत्र वितळवायचं आणि त्याच्या चकत्या ओतायच्या. मग त्या चकत्या बेताने तापवायच्या. शिसं ३२७ अंश सेल्सिअसलाच वितळतं, तांब्याला मात्र हजारावर अंश लागतात. त्यामुळे शिसं पाझरून बाहेर पडतं आणि येताना चांदीलाही बरोबर घेऊन येतं. या कामाला शिसं ढिगाने लागायचं, आणि त्यात स्वतःची चांदी नसली तरी काही बिघडत नव्हतं. फुगरांनी १४९५ मध्ये ब्लायबर्गच्या दक्षिणेला आर्नोल्डश्टाइनजवळ भट्ट्या उभ्या केल्या. ज्या शिशात चांदी नव्हती, तेच दुसऱ्याची चांदी काढायच्या कामी आलं.

हे शिसं तिथे आलं कसं? सुमारे २३ कोटी वर्षांपूर्वी आल्प्स नव्हते. तिथे टेथिस समुद्राच्या काठची उबदार, उथळ खाजणं होती. याच समुद्राच्या तळचा गाळ पुढे आपल्या हिमालयातही उचलला गेला. खाजणांत चुनखडीचे थरावर थर साचले. त्यांच्या भेगांत आणि पोकळ्यांत खारट, कोमट-गरम पाणी शिरलं. येताना ते खोलवरच्या जुन्या खडकांतून शिसं आणि जस्त विरघळवून घेऊन आलं होतं. चुनखडीत त्याला गंधक भेटलं आणि दोन्ही धातू सल्फाइडच्या रूपात जागच्या जागी बसले. गंधकाच्या समस्थानिकांवरून, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंवरून, दिसतं की त्यातला मोठा वाटा सल्फेटवर जगणाऱ्या जिवाणूंनी पुरवला. धातूचा साठा आणि त्यामागे सूक्ष्मजीव, ही कल्पना मला तरी चांदीपेक्षा जास्त मोलाची वाटते.

शिशाच्या समस्थानिकांनी मात्र एक वेगळीच पंचाईत केली. त्यांच्या प्रमाणावरून नेहमीच्या रीतीने वय काढलं, तर शिसं भोवतीच्या चुनखडीपेक्षा बरंच म्हातारं निघतं. म्हणजे धातू मूळच्या जुन्या खडकातून आपलं वय घेऊनच आला आणि नव्या खडकात राहायला गेला. असं वागणाऱ्या शिशाला भूशास्त्रज्ञ आजही ‘बी-प्रकारचं शिसं’ म्हणतात. त्यातला ‘बी’ ब्लायबर्गचाच.

जस्ताची कथा आणखी गमतीची. इथल्या धातुकात, म्हणजे धातू असलेल्या खडकात, शिशापेक्षा जस्त कितीतरी जास्त आहे, पण शतकानुशतकं त्याकडे कुणी फारसं पाहिलं नाही. जस्त ९०७ अंशाला उकळतं. उघड्या भट्टीत धातू सुटतो न सुटतो तोच त्याची वाफ होते, ती हवेत जळते आणि हाती पांढरी भुकटी उरते. राजस्थानातल्या जावरच्या कारागिरांनी हे कोडं मध्ययुगातच सोडवलं होतं. वांग्याच्या आकाराच्या बंद मातीच्या मुशी त्यांनी भट्टीत उलट्या लावल्या. जस्ताची वाफ नळीतून खाली उतरायची आणि थंड भागात गोठायची. युरोपला हे जमायला १८ वं शतक उजाडलं. त्यानंतर ब्लायबर्गचं स्फॅलेराइट, म्हणजे जस्ताचं सल्फाइड, भाव खाऊ लागलं. त्यातही एक छुपा पाहुणा होता. इथल्या टनभर स्फॅलेराइटमध्ये साधारण २०० ग्रॅम जर्मेनियम असतं. प्रमाण किरकोळ वाटेल, पण जर्मेनियमच्या हिशेबात ते श्रीमंतीचं आहे. ट्रान्झिस्टर आले तेव्हा या धातूची मागणी एकदम वाढली. आज तो ऑप्टिकल फायबरमध्ये आणि इन्फ्रारेड कॅमेऱ्यांच्या भिंगांत लागतो.

खनिजांचे संग्राहक मात्र ब्लायबर्गचं नाव घेतात ते वुल्फेनाइटसाठी. हे खनिज गॅलेना कुजल्यावर तयार होतं, असं म्हटलं तरी चालेल. पावसाचं, प्राणवायू असलेलं पाणी भेगांतून खाली मुरतं आणि गॅलेनाचं सल्फाइड मोडतं. मोकळं झालेलं शिसं बहुधा कार्बोनेटशी जोडी जमवून सेरुसाइट होतं. पण त्या पाण्यात मॉलिब्डेनम असेल, तर शिसं आणि मॉलिब्डेट मिळून वुल्फेनाइट बनतं. ब्लायबर्गचा एखादा चांगला नमुना भिंगाखाली धरा. पांढऱ्या कॅल्साइटवर मधाळ पिवळ्या ते नारिंगी रंगाच्या चौकोनी चकत्या उभ्या-आडव्या खोचल्यासारख्या दिसतात. कडा तासल्यागत तिरप्या, अंगावर राळेसारखी चमक, आणि उजेड मागून आला की सगळी चकती पेटते. १० पर्यंतच्या मोस मोजपट्टीवर कठीणपणा जेमतेम ३, म्हणजे चाकूने सहज ओरखडा उठतो. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीतलं कॅव्हनसाइट हे निळं, नाजूक खनिज ज्यांनी हाताळलं आहे, त्यांना असे नमुने कापसात का ठेवतात हे सांगायला नको.

हे नाव फ्रान्झ झेव्हर फोन वुल्फेन यांच्यावरून पडलं. १७२८ साली बेलग्रेडला जन्मलेले हे जेझुइट पाद्री क्लागेनफुर्टला शिकवायचे आणि उरलेला वेळ डोंगरात घालवायचे. कॅरिंथियातल्या या शिशाच्या खनिजावर त्यांनी १७८५ मध्ये व्हिएन्नात रंगीत चित्रांसह प्रबंध छापला. त्यात मॉलिब्डेनम आहे हे पुढे रसायनशास्त्रज्ञ क्लाप्रोट यांनी दाखवलं, आणि १८४५ मध्ये खनिजशास्त्रज्ञ हायडिंगर यांनी खनिजाला वुल्फेन यांचं नाव दिलं. जगात पहिल्यांदा ब्लायबर्गवरूनच ओळखली गेलेली आणखी दोन खनिजं आहेत. एक हायड्रोझिंकाइट. जस्त असलेलं पाणी जुन्या बोगद्यांच्या भिंतींवरून ओघळलं की त्याची पांढरी साय धरते आणि अतिनील दिव्याखाली ती निळसर उजळते. दुसरं इल्समनाइट, गडद निळं आणि चक्क पाण्यात विरघळणारं.

जिथे पाणी पोचलं नाही तिथलीही एक नवलाई वुल्फेन यांनीच लिहून ठेवली आहे. धातुकाच्या वर चिकणमातीसारखे पाणी अडवणारे थर आहेत. त्यात अमोनाइट नावाच्या, हजारो जातींच्या पण आज नामशेष झालेल्या शिंपलेधारी प्राण्यांचे अवशेष दाबले गेले. शिंपल्यातला मोत्यासारखा अ‍ॅरागोनाइट पाण्याच्या संपर्कात सहसा साध्या कॅल्साइटमध्ये बदलतो. इथे मात्र तो कोट्यवधी वर्षं टिकला. घासून चकचकीत केला की या दगडातून लाल-हिरव्या ज्वाळा निघतात, म्हणून त्याला मोरपिसाऱ्याचं विशेषण मिळालं. श्रीमंतांच्या डब्यांवर आणि मेजांवर तो जडवला जायचा.

खाणकामगारांच्या वाट्याला हे सौंदर्य फारसं आलं नाही. त्यांच्या वाट्याला डोंगर होता. २५ फेब्रुवारी १८७९ रोजी डोब्राचवरून हिमकडा कोसळला आणि गावातली ३९ माणसं गेली. खाणीत पाण्याशी झगडा कायमचाच, ते बाहेर काढायला कित्येक किलोमीटरचा निचऱ्याचा बोगदा खोदावा लागला. १९५१ मध्ये खोलवरच्या कामात अचानक कोमट पाणी फुटलं. धातूच्या दृष्टीने ही आपत्तीच. पण पुढे त्याच पाण्यावर स्नानगृहं उभी राहिली आणि १९७८ पासून गावाच्या नावाआधी स्नानस्थळाचा ‘बाड’ लागला. जुन्या बोगद्यांच्या थंड, दमट, धूळ नसलेल्या हवेत दम्याचे रुग्णही जाऊन बसतात. त्याने दमा किती कमी होतो हे डॉक्टरांनाच विचारलेलं बरं.

खाण बंद झाली तरी शिसं मातीतून जात नाही. या पट्ट्यातल्या खाणींच्या टाकाऊ ढिगाऱ्यांवर साधं गवतही धड रुजत नाही. मात्र शेजारच्या रायबलला, आजच्या इटलीतल्या काव्हे देल प्रेदिलला, अशीच शिसं-जस्ताची खाण होती. तिच्या टाकाऊ गाळावर मोहरीच्या कुळातलं, थ्लास्पी नावाचं एक बुटकं, जांभळट फुलांचं रोपटं मजेत वाढतं. त्याच्या वाळलेल्या पानांत किलोमागे काही ग्रॅम शिसं भरतं, आणि जस्त त्याहूनही जास्त. विषारी जमिनीतला धातू वनस्पतींकरवी काढून घेता येईल का, हे तपासणाऱ्या संशोधकांना त्यामुळे त्याच्यात रस आहे. या वनस्पतीचं पहिलं शास्त्रीय वर्णनही त्याच पाद्रीबुवांनी, वुल्फेन यांनी, केलेलं आहे.