नाव खोडलं म्हणजे ओळख पुसली?

मिरजेत संशोधनासाठी केसपेपर देताना अजूनही म्हणतात, ‘वरचं नाव खोडलं की झालं.’ नाही होत. शिराळा तालुक्यातली एखादी वाडी, जन्मतारीख, बाई, डायलिसिस... गावात कुणीही सांगेल ती कोण! अमेरिकेत संगणकशास्त्राच्या संशोधक लतान्या स्वीनी यांनी १९९७च्या सुमारास रुग्णांच्या निनावी नोंदी मतदारयादीशी जुळवल्या. पिनकोड, जन्मतारीख, लिंग एवढ्यावरून थेट मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरांचे वैद्यकीय कागद हाती लागले.

म्हणून सिंथेटिक डेटा. वय, साखर, रक्तदाब यांचा मेळ संगणक खऱ्या नोंदींतून शिकतो आणि मुळात नसलेले रुग्ण रचतो. तोही आपोआप सुरक्षित नसतो, हे विकणारे सहसा सांगत नाहीत. दुर्मिळ आजाराचा एखादा रुग्ण या शिकलेल्या संगणकाने, म्हणजे मॉडेलने, जसाच्या तसा उचलला, तर तो पुन्हा उघडा पडतो. त्यामुळे रचलेल्या नोंदी मूळ नोंदींशी ताडून मगच बाहेर द्याव्या लागतात.