नगर प्राथमिक शिक्षण समिती (वडोदरा)

वडोदरा महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळांचा कारभार पाहणारी वैधानिक समिती. १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियमातून ती निर्माण झाली. गुजरातेत तो अधिनियम बदलत्या दुरुस्त्यांसह अजून लागू आहे. शाळा उघडणे, त्यांच्या इमारतींची व साहित्याची तजवीज करणे, शिक्षकवर्गाची व्यवस्था पाहणे आणि दरवर्षीचे अंदाजपत्रक तयार करणे ही समितीची मुख्य कामे होत. माध्यमिक शाळा व खाजगी शाळांचे दैनंदिन व्यवस्थापन तिच्या कक्षेत येत नाही.

संज्ञा : इंग्रजी ‘स्कूल बोर्ड’ या शब्दाला मराठीत एकच प्रतिशब्द रूढ झाला नाही. महाराष्ट्रातील वाचकाला ‘शिक्षण मंडळ’ ओळखीचे आहे, तर वडोदऱ्यात गुजराती वळणाने ‘शिक्षण समिती’ म्हणतात. ‘बोर्ड’ हा शब्द येथील मराठी घरांतही दहावी-बारावीच्या परीक्षा घेणाऱ्या गांधीनगरच्या मंडळासाठी राखलेला असल्यामुळे ‘बोर्डाची शाळा’ म्हटले तर ऐकणाऱ्याचा घोटाळा होतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सरकारी व अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती आणल्यापासून ‘समिती’ हा शब्दही द्व्यर्थी झाला आहे. या नोंदीत नुसते ‘समिती’ म्हटले असेल तेथे नगर समिती समजावी.

उगम : नगरसंस्थेच्या शाळांसाठी वेगळे मंडळ असावे ही कल्पना कोठून आली, याविषयी अभ्यासकांत एकवाक्यता नाही. एका मतानुसार तिचे मूळ इंग्लंडच्या १८७० च्या प्राथमिक शिक्षण कायद्यात आहे. त्या कायद्याने करदात्यांनी थेट निवडून दिलेली शाळामंडळे स्थापन केली. त्यांत स्त्रियांनाही निवडून येता येत असे. १९०२ च्या कायद्याने ती मंडळे रद्द होऊन त्यांचे काम सर्वसाधारण स्थानिक संस्थांकडे गेले. दुसरे मत मुंबई इलाख्यातील स्थानिक उपकराकडे बोट दाखवते. जमीनमहसुलावर बसवलेल्या या उपकराचा एक वाटा शाळांना मिळत असे आणि त्याच्या विनियोगासाठी स्थानिक समित्या असत. मात्र त्यांचा अधिकार बव्हंशी नावापुरताच असावा. १८८२ साली व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा ठराव आणि शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगाचे काम या दोन्ही गोष्टी एकाच सुमारास घडल्या. प्राथमिक शिक्षण नगरपालिका व जिल्हा मंडळांकडे सोपवावे, अशी शिफारस आयोगाने केली. त्याच आयोगापुढे जोतीराव फुले यांनी निवेदन देऊन किमान बाराव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली होती. स्थानिक समित्यांवर बसणाऱ्या मंडळींच्या कुवतीबद्दल त्यांचे मत फारसे अनुकूल नव्हते, ही बाब सहसा नजरेआड होते.

प्रस्तुत लेखकाला वाटते की इंग्लंडच्या मंडळांशी असलेले साम्य नावापुरते आहे. तेथील मंडळ मतदार थेट निवडत असत. मुंबई इलाख्यातील मंडळ आधी निवडून आलेल्या नगरसंस्थेच्या सभासदांनी निवडायचे असे, म्हणजे मतदार आणि मंडळ यांच्यामध्ये एक पायरी राहिली. ती पायरी आजही तशीच आहे आणि सभांतील लोकसहभागाचा प्रश्न बराचसा तिच्यातूनच उद्भवतो.

बडोदे संस्थान : वडोदऱ्याच्या बाबतीत हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो, कारण येथे सक्तीचे शिक्षण मुंबई इलाख्याच्या कितीतरी आधी आले. महाराजा तिसरे सयाजीराव गायकवाड (कारकीर्द १८७५–१९३९) यांनी काठियावाडातील अमरेली तालुक्यात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला. या प्रयोगाचे वर्ष काही ठिकाणी १८९२, तर काही ठिकाणी १८९३ दिलेले आढळते. हुकूम आणि प्रत्यक्ष अंमल यांच्या तारखांची गल्लत होऊन हा फरक पडला असावा. अंमलाचे वर्ष म्हणून १८९३ घेणे अधिक सयुक्तिक ठरते. आरंभी दहा गावे घेतली होती. मुलांसाठी सात ते बारा आणि मुलींसाठी सात ते दहा अशी वयोमर्यादा होती. १९०६ मध्ये ही सक्ती संपूर्ण संस्थानाला लागू झाली.

या प्रयोगाचे कौतुक पुष्कळ झाले आणि ते यथार्थ आहे. पण त्याच्या कारभाराचे स्वरूप वेगळे पाहावे लागते. सक्तीचा निर्णय हुजुरातून आला, अंमलबजावणी विद्याधिकाऱ्यांच्या खात्याने केली आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड होत असे. कित्येक शेतकरी कुटुंबांचा शिक्षणखात्याशी आलेला पहिला लेखी संबंध दंडाच्या नोटिशीपुरताच असावा. रमेशचंद्र दत्त बडोद्याच्या सेवेत असताना स्थानिक संस्थांत निवडणुकीच्या तत्त्वाला चालना मिळाली. तरीही शाळांवर निवडून आलेल्यांचे स्वतंत्र मंडळ असणे हे बडोद्याच्या व्यवस्थेचे वैशिष्ट्य नव्हते.

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा बडोद्याचा दाखला त्यांच्या हाती होता. परंतु त्यांच्या विधेयकातील यंत्रणा बडोद्याची नव्हती. सरकारने सरसकट सक्ती करावी असे न म्हणता, इच्छा असेल त्या नगरपालिकेला किंवा जिल्हा मंडळाला मंजुरी घेऊन आपल्या हद्दीत सक्ती लागू करण्याची मुभा द्यावी, असे त्याचे स्वरूप होते. ते विधेयक १९१२ मध्ये फेटाळले गेले, तरी हाच साचा विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने झालेल्या मुंबईच्या १९१८ च्या कायद्यात उतरला. १९२३ च्या कायद्याने जिल्ह्यांसाठी व नगरांसाठी शाळामंडळे आणली आणि त्यांना बरेच अधिकार दिले. १९३८ च्या दुरुस्तीने त्यांतील काही अधिकार सरकारने परत घेतले. १९४७ च्या अधिनियमात या दोन प्रवृत्तींची तडजोड दिसते : मंडळ निवडलेले, पण त्याचा प्रशासकीय अधिकारी सरकारचा.

१ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि मुंबईचे कायदे येथे लागू होऊ लागले. सयाजीरावांच्या सक्तीच्या शिक्षणाचीच परंपरा पुढे समितीच्या रूपाने चालू राहिली, असे मत शहरात वारंवार ऐकू येते. स्थानिक अभिमान म्हणून ते समजण्यासारखे आहे. शाळांच्या, इमारतींच्या आणि शिकण्याच्या सवयीच्या बाबतीत ते खरेही आहे. संस्था म्हणून मात्र समितीचा वंश मुंबईचा आहे, बडोद्याचा नाही. बडोद्यात सक्ती आधी आली आणि सहभाग नंतर, तोही दुसऱ्या राज्याच्या कायद्याने.

रचना : १९६० मध्ये गुजरात राज्य झाले. पुढे पंचायत कायद्यामुळे ग्रामीण भागातील जिल्हा शाळामंडळांचे काम जिल्हा पंचायतींच्या शिक्षण समित्यांकडे गेले. नगरांतील मंडळे मात्र टिकली. वडोदऱ्यात १९६६ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली. समितीचे बहुसंख्य सदस्य महापालिकेचे नगरसेवक निवडतात, तर काहींची नेमणूक राज्य सरकार करते. सदस्य स्वतः नगरसेवक असलाच पाहिजे असे नाही. अध्यक्ष व उपाध्यक्ष सदस्यांमधून निवडले जातात. कार्यकारी अधिकार असणाऱ्या अधिकाऱ्याला ‘शासनाधिकारी’ म्हणतात. संस्थानी काळात शासनशब्दांचा बहुभाषी कोश तयार करणाऱ्या या शहराला असे पदनाम परके वाटत नाही. नगरसेवकांचे बहुमत ज्या पक्षाचे, त्याच्या यादीतील नावे समितीवर येतात आणि निवडणूक बहुधा औपचारिक ठरते. खर्चासाठी राज्याचे अनुदान व महापालिकेचा हिस्सा हे दोन मुख्य स्रोत असून अंदाजपत्रक महापालिकेपुढे जाते.

घटनादुरुस्त्यांनी ही रचना विशेष बदलली नाही. ७३ व्या दुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या परिशिष्टात ‘प्राथमिक व माध्यमिक शाळांसह शिक्षण’ हा पंचायतींचा विषय म्हणून स्पष्टपणे आला आहे. ७४ व्या दुरुस्तीच्या बाराव्या परिशिष्टात नगरसंस्थांच्या वाट्याला ‘सांस्कृतिक, शैक्षणिक व सौंदर्यविषयक बाबींना उत्तेजन’ एवढेच शब्द आले. शहरी शाळांच्या कारभारावरील चर्चेत या विसंगतीला द्यावे तितके महत्त्व दिले जात नाही. त्याच दुरुस्तीने तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकवस्तीच्या शहरांत प्रभाग समित्यांची तरतूद केली, परंतु शाळांचा कारभार त्यांच्याशी जोडला नाही.

महाराष्ट्रात याच १९४७ च्या अधिनियमाखालील नगर शिक्षण मंडळे शिक्षणहक्क कायद्यानंतर, २०१३ पासून, मोडीत काढण्यात आली आणि शाळा थेट महापालिकांच्या शिक्षण विभागांकडे गेल्या. एकाच कायद्याच्या दोन वारसांपैकी थोरल्याने मंडळ सोडले आणि धाकट्याने राखले.

सभा व लोकसहभाग : महापालिकेच्या सर्वसाधारण सभेविषयी १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमात स्पष्ट नियम आहे. सभा लोकांसाठी खुली असते; एखादा विषय खाजगीत चालवावा असे उपस्थित सभासदांच्या बहुमताने ठरवता येते, तसेच अडथळा आणणाऱ्या प्रेक्षकाला अध्यक्ष बाहेर काढू शकतात. वडोदरा महापालिकेचे मुख्यालय खंडेराव मार्केटच्या जुन्या इमारतीत आहे. तेथे बसून शाळांच्या अंदाजपत्रकावरील चर्चा नागरिकाला ऐकता येते, बोलता येत नाही. अमेरिकेतील अनेक शाळामंडळांच्या सभांत नागरिकांना ठरावीक मिनिटे बोलण्यासाठी वेळ राखलेला असतो. भारतीय नगरसंस्थांच्या सभाशास्त्रात त्याला समांतर असे काही नाही. येथे नागरिकाचे म्हणणे नगरसेवकाच्या प्रश्नाच्या किंवा लेखी अर्जाच्या रूपानेच सभेत पोचते.

सहभागाची खरी जागा शिक्षणहक्क कायद्याने शाळेच्या पातळीवर निर्माण केली. कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीचे तीनचतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत आणि एकूण सदस्यांपैकी निम्म्या स्त्रिया. दुर्बल व वंचित घटकांतील पालकांना प्रमाणशीर स्थान द्यावे लागते. समजा व्यवस्थापन समिती बारा जणांची आहे, तर नऊ पालक झाले. उरलेल्या तीन जागा केंद्राच्या २०१० च्या नमुना नियमांनुसार स्थानिक संस्थेचा निर्वाचित सदस्य, शिक्षक आणि शिक्षणतज्ज्ञ किंवा विद्यार्थी यांत वाटल्या जातात. अध्यक्षपद पालकाकडे आणि निमंत्रकपद मुख्याध्यापकाकडे असते. महिन्यातून किमान एक सभा व्हावी आणि कार्यवृत्त लोकांना पाहण्यास उपलब्ध असावे, असेही हे नमुना नियम सांगतात. शाळेच्या कामावर देखरेख, अनुदानाच्या खर्चाची पाहणी आणि शाळा विकास आराखडा ही व्यवस्थापन समितीची कामे आहेत.

व्यवस्थापन समितीच्या प्रत्यक्ष सभेचे चित्र ठरावबहीत दिसते. वर तारीख व वार, खाली विषयक्रम, मग ठराव क्रमांक, सूचक, अनुमोदक आणि ‘सर्वानुमते मंजूर’ हे शब्द. शेवटी सह्यांची रांग आणि तिच्यात एखाददुसरा अंगठा. बही मुख्याध्यापकांच्या अक्षरात असते. पाण्याची टाकी कधी धुतली, पटावरील मुलांपैकी गणवेशाचे पैसे कोणाच्या खात्यात आले नाहीत, मधल्या सुटीत फाटकाशी कोण उभे राहते, असे मातांचे प्रश्न सभेत विचारले जातात. ते विषयक्रमात नसल्यामुळे कार्यवृत्तात क्वचितच उतरतात. सभा दिवसा, शाळेच्या वेळेत होते, त्यामुळे रोजंदारी बुडवून येणाऱ्याला ती परवडत नाही. कागदोपत्री उपस्थितीवरून सहभाग मोजणाऱ्या अभ्यासांवर फार विसंबू नये, याचे हे एक कारण आहे.

शाळेची व्यवस्थापन समिती आणि नगर समिती यांना जोडणारा बंधनकारक दुवा कायद्यात क्षीण आहे. शाळेने केलेला विकास आराखडा अनुदानाच्या नियोजनाचा आधार असावा असे कायदा म्हणतो. पण पालक-अध्यक्षांना नगर समितीच्या सभेत स्थान नाही. त्या मानाने दुर्लक्षित राहिलेले कलम ३२ अधिक उपयोगी आहे. बालकाच्या शिक्षणहक्काविषयी तक्रार असलेली कोणीही व्यक्ती स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करू शकते. प्राधिकरणाने दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो आणि त्यावर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते.

मराठी माध्यम : समितीच्या शाळांत गुजरातीखेरीज मराठी व हिंदी माध्यमांच्याही शाळा राहिल्या आहेत. दांडिया बाजार, रावपुरा या भागांतील मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या येथे असली तरी त्यांतील बहुतेकांची मुले आता इंग्रजी किंवा गुजराती माध्यमात जातात. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेला अनुच्छेद ३५०-अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाची पुरेशी सोय करण्यास राज्यांना व स्थानिक प्राधिकरणांना सांगतो. दुसरीकडे, २०२३ च्या गुजरात राज्याच्या कायद्याने पहिली ते आठवीपर्यंत गुजराती हा विषय शिकवणे सर्व शाळांना बंधनकारक केले आहे. मराठी माध्यमाच्या शाळेतील पालक सभेत मराठीत बोलतात, ठराव गुजरातीत लिहिला जातो.

समितीचे ठराव, हजेरीपत्रके व खर्चाचे कागद २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली मागता येतात. गुजरातेत अर्जाचे शुल्क २० रुपये आहे. अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत करावा, असे कलम ६ म्हणते. त्यामुळे वडोदऱ्यातील मराठी पालकाला आपल्या मुलाच्या मराठी शाळेची माहिती मागताना गुजरातीचा, हिंदीचा किंवा इंग्रजीचा आधार घ्यावा लागतो.